‘डीएलएल मिसिंग’ आलं? फाइल शोधू नका, फाइलचा मालक शोधा



आजचा भाग कॉम्प्युटरवरचा आहे. पण मोबाईलवर ऐकणाऱ्यांनी लगेच स्किप मारू नका, कारण हाच घोळ तुमच्या फोनमध्येही होतो. तिकडे शेवटी येतोच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि घरचा खान्देशातला. त्यामुळे जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर इथून कोणाचा ना कोणाचा स्क्रीनशॉट माझ्या व्हॉट्सॲपवर येतच असतो. त्यात सगळ्यात जास्त वेळा दिसणारा चौकोन हा. मजकूर इंग्रजीत असतो, अर्थ साधारण असा: “प्रोग्रॅम पुढे चालू शकत नाही, कारण एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल ही फाइल सापडली नाही. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल केल्यास प्रश्न सुटू शकतो.”

हा चौकोन आला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर फाइलचं नाव गूगलवर टाकून पहिल्या साइटवरून ती फाइल डाउनलोड करतात. नाहीतर मशीन उचलून दुकानात नेतात आणि तिथे ऐकायला मिळतं, “विंडोज उडालंय भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल.” धुळ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या बाबतीत हेच झालं. फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि रिपोर्ट दोन्ही डेस्कटॉपवर होते. दुकानात कोणी विचारलं नाही, बॅकअप घेतला नाही, सी ड्राइव्ह साफ केला. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. सबमिशन आठ दिवसांवर होतं. आणि मूळ अडचण काय होती? २५ एमबीच्या आसपासचं एक फुकट पॅकेज मशीनवर नव्हतं, एवढीच.

म्हणून हा भाग. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: फाइल शोधायची नाही, फाइलचा मालक शोधायचा. आता याचा अर्थ काय ते बघू.

गावची भांडी

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीची पद्धत आठवा. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पाचशे माणसांना करायची तर लागतात मोठी पातेली, कढया, पराती, झारे. प्रत्येक घराने हे सगळं विकत घेऊन माळ्यावर ठेवायचं म्हटलं तर परवडणार नाही आणि घरात जागाही उरणार नाही. म्हणून कित्येक गावांत समाजाचा एक भांड्यांचा संच असतो. ज्याच्या घरी कार्य, तो वहीत नोंद करून घेऊन जातो आणि नंतर घासूनपुसून परत ठेवतो.

डीएलएल म्हणजे हीच गावची भांडी. पूर्ण नाव डायनॅमिक लिंक लायब्ररी. प्रत्येक प्रोग्रॅमला काही कामं सारखीच करावी लागतात. मजकुरावर प्रक्रिया करणं, गणितं करणं, खिडकी उघडणं, मेमरी मागणं वगैरे. ही कामं करणारा कोड प्रत्येकाने आपापल्या पोटात बाळगायचा, की एका जागी ठेवून सगळ्यांनी वापरायचा? विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये आली, तेव्हा ती २५६ केबी मेमरीवर चालवायची होती. आज आपण पाठवतो तो एखादा ‘गुड मॉर्निंग’चा फोटोसुद्धा यापेक्षा मोठा असतो. इतक्या कमी जागेत कोड सामाईक ठेवण्याशिवाय इलाजच नव्हता.

जागेची बचत हा एक फायदा. दुसरा फायदा दुरुस्तीचा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल नावाच्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाची मोठी त्रुटी उघडकीला आली. जगभरातले असंख्य सर्व्हर ही लायब्ररी वापरत होते. पण जिथे ती सामाईक ठेवलेली होती, तिथे एकच लायब्ररी बदलली, सेवा रीस्टार्ट केल्या, की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम दुरुस्त. पातेल्याला एकदा कल्हई केली की पुढच्या सगळ्या लग्नांचं काम झालं.

तोटाही तिथेच आहे. पातेलं जागेवर नसेल तर ज्याच्या घरी कार्य आहे त्याचं सगळं अडतं. मग आचारी कितीही चांगला असू दे.

चार वेगवेगळे आजार

लोक सगळ्यालाच ‘डीएलएल एरर’ म्हणतात. पण आजार चार आहेत आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

पहिला: भांडं जागेवरच नाही. हा ‘मिसिंग’ किंवा ‘नॉट फाउंड’ वाला मेसेज. बहुतेक वेळा फाइल हरवलेली नसते, ती त्या मशीनवर कधी आलेलीच नसते. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की तुमच्याकडे ती असेलच.

दुसरा: भांड्याला भोक पडलंय. म्हणजे फाइल आहे, पण करप्ट. विंडोज तेव्हा ‘बॅड इमेज’ असं शीर्षक दाखवतं आणि खाली म्हणतं की ही फाइल विंडोजवर चालण्यासाठी बनलेली नाही किंवा तिच्यात दोष आहे. अपडेट चालू असताना लाइट जाणं, जुन्या हार्डडिस्कवर बॅड सेक्टर येणं, रॅम खराब होणं, व्हायरस ही याची नेहमीची कारणं. ज्यांच्या डेस्कटॉपला यूपीएस नाही त्यांना हे जास्त सोसावं लागतं.

तिसरा: भांडं आहे, पण माप वेगळं. फाइलचं नाव तेच, आवृत्ती जुनी. प्रोग्रॅम त्यातलं जे काम मागतो ते जुन्या आवृत्तीत नसतंच. मग ‘एंट्री पॉइंट नॉट फाउंड’ असा मेसेज येतो.

चौथा सगळ्यात फसवा: जर्मनचं पातेलं आणि इंडक्शनची शेगडी. पातेलं चांगलं आहे, शेगडीही चांगली आहे, पण दोघांचं जमत नाही. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटची डीएलएल चालत नाही आणि उलटही चालत नाही. अशा वेळी एक लांबलचक कोड येतो, सुरुवातीला झीरो-एक्स-सी, मग शून्यांची रांग आणि शेवटी सेव्हन-बी. हा कोड दिसला की सगळ्यात आधी याच आजाराचा संशय घ्यायचा.

यात विंडोजने एक गंमत करून ठेवलीय. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइल असतात आणि ‘सिसवाव६४’ नावाच्या फोल्डरमध्ये ३२ बिटच्या. हो, बरोबर वाचलंत. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनं नाव तसंच ठेवलं गेलं. त्यामुळे हाताने फाइल उचलून तिथे टाकणारे नव्वद टक्के नाही म्हणणार, पण बरेच जण चुकीच्याच फोल्डरमध्ये टाकतात.

नावातच मालक लपलेला असतो

आता मालक कसा शोधायचा? सोपं आहे, फाइलचं नाव वाचायचं.

नावाच्या सुरुवातीला एमएसव्हीसीपी, एमएसव्हीसीआर किंवा व्हीसीरनटाइम असेल, तर मालक आहे मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ पॅकेज. पुढचा आकडा वर्ष सांगतो. १०० असेल तर २०१० चं पॅकेज, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. १४० असेल तर २०१५ आणि त्यानंतरच्यांसाठी मिळून एकच पॅकेज आहे. १३० शोधत बसू नका, ते आलंच नाही.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून हे पॅकेज घ्यायचं. त्याचे दोन प्रकार दिसतील, एक्स८६ म्हणजे ३२ बिट आणि एक्स६४ म्हणजे ६४ बिट. मशीन ६४ बिटचं असलं तरी दोन्ही टाकायचे, कारण तुमचा प्रोग्रॅम ३२ बिटचा असू शकतो. मग मशीन रीस्टार्ट करायचं. माझ्याकडे येणाऱ्या स्क्रीनशॉटपैकी बहुतेक इथेच संपतात. पायथॉनमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्यांना ‘डीएलएल लोड फेल्ड’ दिसतं, तिथेही पुष्कळदा हेच पॅकेज नसतं.

नावात डी३डीएक्स९ असेल आणि पुढे ४३ वगैरे आकडा असेल, तर मालक डायरेक्टएक्स. जुन्या गेमना हे लागतं. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम टाकलं की काम होतं. नवीन विंडोजमध्ये नवीन डायरेक्टएक्स असतं, पण हे जुने तुकडे त्यात येत नाहीत.

नाव एपीआय-एमएस-विन-सीआरटी असं लांबलचक असेल, तर मशीन बहुधा विंडोज ७ चं आहे आणि त्याचे अपडेट राहिलेत. विंडोज १० पासून हा भाग विंडोजमध्येच येतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी आपल्याकडच्या किती तरी दुकानांत आणि क्लासमध्ये ते अजून चालू आहे.

नावात स्टीम-एपीआय असेल तर जरा स्वतःलाच विचारा, गेम कुठून आणला? क्रॅक केलेल्या गेममध्ये ही फाइल बदललेली असते. अँटीव्हायरस ती पकडून कोपऱ्यात टाकतो आणि मग फाइल ‘मिसिंग’ होते. अशा वेळी मित्र सल्ला देतो, “अँटीव्हायरस बंद कर आणि चालव.” म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घरात घेणं.

आणि नाव .ओसीएक्सने संपत असेल, उदाहरणार्थ एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्स, तर तुमच्यासमोर बहुधा १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे. आडतीच्या पेढीवर, मेडिकलमध्ये, प्रिंटिंग प्रेसमध्ये अशी जुनी बिलिंग सॉफ्टवेअर अजून इमानेइतबारे चालू आहेत. इथे मालक म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा मूळ सेटअप. फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, ती विंडोजकडे रजिस्टर व्हावी लागते आणि ते काम सेटअप करतो. तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या दुकानात असं काही असेल तर आजच दोन कामं करा. ती सेटअपची सीडी किंवा फोल्डर शोधून पेनड्राइव्हवर घ्या आणि डेटाची वेगळी कॉपी ठेवा. सॉफ्टवेअर बनवणारा पुण्याला निघून गेल्यावर आणि सीडी हरवल्यावर पंधरा वर्षांच्या खातेवह्या उघडायच्या कशा, हा प्रश्न फार महाग पडतो.

यातलं काहीच नसेल तर मालक म्हणजे तो प्रोग्रॅम स्वतः. तो काढून, अधिकृत साइटवरून पुन्हा इन्स्टॉल करा. एररच्या दुसऱ्या वाक्यात हेच लिहिलेलं असतं, पण पहिलं वाक्य वाचून आपण इतके घाबरतो की दुसरं कोणी वाचतच नाही.

विंडोजचीच फाइल बिघडली असेल तर

दोन-चार वेगवेगळ्या प्रोग्रॅमना एकदम त्रास होत असेल, किंवा करप्ट फाइल विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधली असेल, तर मालक विंडोज. त्याच्याकडे दुरुस्तीची सोय आहे. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळी खिडकी उघडेल.

आधी ही कमांड, सगळी इंग्रजी अक्षरांत: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप, मधे आडवी रेघ, इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. शेवटचा शब्द जोडून. नेट चालू हवं, कारण ही कमांड मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या फाइल आणून विंडोजचं कोठार नीट करते. बराच वेळ एका टक्क्यावर अडकल्यासारखी वाटेल, बंद करू नका.

मग दुसरी: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. ही त्या कोठाराशी एकेक सिस्टिम फाइल ताडून बघते आणि बिघडलेली बदलते. क्रम महत्त्वाचा आहे. कोठारातलंच धान्य किडलेलं असेल तर त्यातून भरून काय उपयोग?

हे कोठार ‘विनएसएक्सएस’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं. त्याचा आकार कित्येक जीबी दिसतो, म्हणून काही जण जागा करायला ते डिलीट करायला जातात. करू नका. नव्वदच्या दशकात कुठलाही नवीन प्रोग्रॅम येऊन सामाईक डीएलएलवर स्वतःची आवृत्ती टाकून जायचा आणि बाकीचे प्रोग्रॅम कोसळायचे. या प्रकाराला ‘डीएलएल हेल’ असंच नाव पडलं होतं. विंडोज २००० पासून सिस्टिम फाइलना संरक्षण आलं आणि २००१ च्या एक्सपीपासून वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय आली. ते फोल्डर म्हणजे तीच सोय.

दोन्ही कमांड चालवूनही फाइल पुन्हा पुन्हा करप्ट होत असतील, तर आजार सॉफ्टवेअरचा नाही. डिस्क किंवा रॅम तपासा. पण त्याच्याही आधी डेटा बाहेर काढा.

त्या फुकट साइटवरून का घ्यायची नाही

“पण मी तिथून फाइल घेतली आणि चाललं की!” असं मला बरेच जण सांगतात. चालतंही कधीकधी. तरी तीन कारणं ऐका.

एक, डीएलएल म्हणजे फोटो किंवा गाणं नाही. तो चालणारा कोड आहे. तुमचा प्रोग्रॅम जे जे करू शकतो ते सगळं तीही करू शकते. विंडोज बहुतेक डीएलएल आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं. याचाच फायदा घेऊन तिथे खोटी डीएलएल ठेवायची, ही हल्लेखोरांची जुनी आणि नाव असलेली युक्ती आहे. तुम्ही ती फाइल स्वतःच्या हाताने तिथे नेऊन ठेवताय.

दोन, आवृत्ती आणि बिट यांची खात्री नसते. एक टाकली की दुसरी मागते, दुसरी टाकली की चौथा आजार सुरू होतो. पॅकेजमध्ये सगळी भावंडं एकत्र आणि एकाच आवृत्तीची येतात.

तीन, हाताने टाकलेल्या फाइलला वाली नसतो. पॅकेजला सुरक्षेचे अपडेट मिळतात. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये तुम्ही टाकलेली फाइल मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते.

ज्या मशीनवर तुम्ही नेटबँकिंग करता, स्कॉलरशिपचे फॉर्म भरता, घरच्यांचे आधार स्कॅन करून ठेवता, तिथे हा धोका एका गेमसाठी घ्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू वापरणाऱ्यांना हाच मेसेज ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही’ असा दिसतो. फाइलचं नाव ‘लिब’ने सुरू होतं आणि त्यात ‘.एसओ’ असतं. एलडीडी ही कमांड प्रोग्रॅमच्या नावासह चालवा, कुठली लायब्ररी सापडत नाही ते यादीत दिसेल. पण एलडीडी अनोळखी ठिकाणाहून आणलेल्या प्रोग्रॅमवर चालवू नका. मग ती लायब्ररी कुठल्या पॅकेजची आहे ते एपीटी-फाइलने शोधा आणि ते पॅकेज टाका. एप्रिल २०२२ च्या उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल तिसऱ्या आवृत्तीवर गेलं आणि १.१ ची लायब्ररी मागणारे कित्येक जुने प्रोग्रॅम अडले. तेव्हा अनेकांनी नवीन फाइललाच जुनं नाव दिलं. पाटी बदलून माणूस बदलत नाही. प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती घेणं हाच खरा उपाय.

आणि तुमचा फोन

२२ मार्च २०२१ च्या सुमारास, आपल्याकडे २३ तारखेच्या सकाळी, लाखो अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक ॲप उघडताक्षणी बंद पडायला लागले. लोकांनी ॲप काढले, पुन्हा टाकले, काहींनी फोन रीसेट केला. दोष त्या ॲपमध्ये नव्हताच. ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ नावाचा एक सामाईक घटक आहे, ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा. तो बिघडला होता. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमचा अपडेट दिला आणि सगळं सुरळीत झालं. गावच्या एका पातेल्याला भोक, आणि सगळ्या घरचं वरण सांडलं!

दुसरी गोष्ट तर रोजची. मित्राच्या फोनमधून शेअर करून ॲप घेतलं आणि ते उघडतच नाही. गूगल प्लेवर ऑगस्ट २०२१ पासून नवीन ॲप ‘बंडल’ स्वरूपात द्यावे लागतात. म्हणजे तुमच्या फोनच्या प्रोसेसरला लागणारी लायब्ररी वेगळ्या तुकड्यात येते. शेअर करताना फक्त मुख्य तुकडा आला तर लायब्ररी मागेच राहते. मिसिंग डीएलएलचाच हा मोबाईल अवतार. उपाय तोच, मालकाकडे जा, म्हणजे प्ले स्टोअरवरून घ्या.

तर मंडळी, पुढच्या वेळी तो चौकोन दिसला की आधी फाइलचं पूर्ण नाव वाचा. मग मालक ओळखा आणि त्याच्याकडूनच पूर्ण पॅकेज घ्या. दुकानात न्यावंच लागलं तर मशीन हातात देण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घ्या आणि “मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही” असं स्पष्ट सांगा. दुकानदार दादा रागावणार नाहीत. रागावले तर दुसरं दुकान बघा.

ज्याच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे आणि त्यावर सगळ्या घराचं काम चालतं, अशा एकाला तरी हा भाग पाठवा. तुमचा एरर यात बसत नसेल तर पूर्ण चौकोनाचा स्क्रीनशॉट पाठवा, फाइलचं नाव कापू नका. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या आणि बॅकअप घ्या!